मोज्यांवर बसणारे डास मोजले तेव्हा: मशीन, कॉइल, मेणबत्ती आणि एक जाळीची पट्टी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका. बंद खोलीत झोपायचं असेल तर प्लगमध्ये लावायचं लिक्विड मशीन घ्या. उघड्यावर बसायचं असेल तर गॅसच्या छोट्या नळकांड्यावर तापणारं मॅटचं यंत्र, तेही वारा पडलेला असेल तरच. जळती कॉइल घरात नको. सुगंधी मेणबत्ती हौसेपुरती ठीक. आणि ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवतो म्हणणारा तो पांढरा डबा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, सॉकेट अडून राहतं.

ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे यावं.

मी नोकरीभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. मुलं ब्युरेटचं रीडिंग अंदाजपंचे लिहायची आणि मी मागे उभा राहून "खालची वक्ररेषा बघ रे, खालची" म्हणायचो. ती खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. घरात डासांवरचे बरेच उपाय जमले होते, त्यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं आणि मोजलेलं कुणीच काही नव्हतं. आमच्या सौ. म्हणायच्या कॉइलच खरी, निदान धूर तरी दिसतो. मेहुणे त्या आवाजाच्या डब्याची शपथ घ्यायचे. मुलीचं म्हणणं, जिचा वास छान ती रिफिल आणा. म्हटलं, एकदा नीट बघूच.

आवाजाचा डबा सोडला तर या उपायांना शास्त्रात स्पेशियल रिपेलंट म्हणतात. अंगाला लावायची क्रीम यात येत नाही. क्रीममधलं डीईईटी किंवा पिकारिडिन कातडीवर असतं, ते डासाला अगदी जवळ आल्यावर अडवतं. इथे औषध हवेत सोडायचं असतं आणि आपल्याभोवतीची हवाच अशी करायची असते की डासाला माणूस सापडू नये, सापडला तरी चावायला जमू नये. म्हणून औषध सहज उडून जाणारं लागतं. ट्रान्सफ्लुथ्रिन, मेटोफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, अ‍ॅलेथ्रिन ही पाकिटांवरची नावं पायरेथ्रॉइड या एकाच कुळातली. मच्छरदाणीत मुरवतात ते पर्मेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनही त्यांचेच भाऊबंद, पण ते धाग्याला धरून बसतात, डासाने त्यांना पाय लावावा लागतो. ट्रान्सफ्लुथ्रिन आणि मेटोफ्लुथ्रिन मात्र साध्या खोलीच्या उष्णतेतही थोडं थोडं हवेत जात राहतं. प्रॅलेथ्रिन, अ‍ॅलेथ्रिनला खाली शेगडी लागते. कुठल्या उत्पादनाला वायर, कुठल्याला काडेपेटी आणि कुठल्याला काहीच लागत नाही, हे बहुतेक यावरूनच ठरतं.

ही औषधं डासाच्या मज्जातंतूंवर चालतात. तिथली सोडियमची दारं उघडली की लवकर मिटत नाहीत आणि मज्जातंतू संदेशांवर संदेश सोडत बसतो. मात्रा भरपूर असेल तर डास उलथा पडतो आणि मरतो. पण खोलीच्या कोपऱ्यात, दारापाशी, पलंगाखाली मात्रा भरपूर नसतेच. तिथे काय होतं ते मी टॉर्च घेऊन पाहिलं आहे.

मशीन लावून अर्धा तास झाला होता. एक मादी माझ्या मोज्यावर, घोट्याच्या जरा वर बसली. चावते ती मादीच. एरवी ती बसली की दोन पावलं सरकते, सोंड टेकवते आणि स्थिर होते. ही बसली, पुढचे पाय एकमेकांवर घासले, चार पावलं चालली, उडाली, गुडघ्यावर टेकली, पुन्हा उडाली. सोंड टेकवलीच नाही. मग पडद्याच्या काठाला जाऊन वेडीवाकडी लटकली आणि काही वेळाने फरशीवर उताणी पडली, पाय हलत होते. मी तिला काचेच्या ग्लासात घेतलं, तोंडाला मलमल बांधली, वर साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवला आणि ग्लास दुसऱ्या खोलीत नेला. सकाळी बाईसाहेब ग्लासाच्या भिंतीवर ठणठणीत उभ्या.

फरशीवर पडलेले डास बघून "मशीन जबरदस्त आहे" म्हणणाऱ्यांनी हा ग्लासाचा प्रयोग करून पाहावा. प्रयोगशाळांत म्हणूनच तासाभरात पडलेले डास वेगळे मोजतात आणि चोवीस तासांनी खरोखर मेलेले वेगळे. आपल्या कामाचा आकडा या दोन्हींतला नाहीच. अंगावर किती बसले आणि किती चावले, एवढंच आपल्याला हवं असतं. डास मेला की गांगरून पडद्यावर बसला, याच्याशी माझ्या घोट्याला कर्तव्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये खास या वर्गाच्या उत्पादनांसाठी चाचणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी प्रयोगशाळेतली पेटी किंवा छोटी खोली, मग जाळीने बंद केलेलं मोठं मोकळं आवार, आणि शेवटी खरी वस्ती. जाळीच्या आवारात प्रयोगशाळेत वाढवलेले, रोगाचा संसर्ग नसलेले डास सोडतात. माणूस पाय उघडे टाकून बसतो आणि पायावर टेकणारा डास चावायच्या आत तोंडाने ओढायच्या नळीत पकडतो. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माणसं जागा बदलत राहतात. आज यंत्रापाशी बसलेला उद्या यंत्र नसलेल्या जागी जातो. डासांना सगळी माणसं सारखी आवडत नाहीत, आणि ही अदलाबदल केली नाही तर यंत्राचं श्रेय एखाद्याच्या घामाला जातं. कधी कधी यंत्रापासून थोड्या अंतरावर आणखी एक माणूस बसवतात. इथून हुसकलेले डास शेजाऱ्याकडे जातात का, तेही कळायला हवं.

पाकिटावरचा दावा बहुतेक वेळा यातल्या पहिल्या टप्प्याची भाषा बोलतो. बंद पेटी, औषधाची कधी सवय न झालेली प्रयोगशाळेतली डासांची जात, वारा नाही. बाहेरचे बरेच डास पायरेथ्रॉइड पचवायला शिकलेले असतात आणि आपली खोली म्हणजे पेटी नव्हे, तिला दाराखालची फट असते.

खऱ्या वस्तीतल्या चाचण्यांचे आकडे पाहिले की माणूस जमिनीवर येतो. पेरूमधल्या इक्विटोस शहरात घरोघरी ट्रान्सफ्लुथ्रिनच्या पट्ट्या टांगून, ठराविक दिवसांनी बदलून, डेंग्यूसारख्या एडिस डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंचा संसर्ग मोजला. २०२२ मध्ये निकाल आला: ३४.१ टक्के घट. केनियातल्या बुसिया भागात मलेरियासाठी तशीच चाचणी झाली, तिचा निकाल २०२५ मध्ये आला. पहिल्या संसर्गात ३३.४ टक्के घट, आणि तिथले लोक मच्छरदाण्या वापरतच होते, म्हणजे हा फायदा दाणीच्या वरचा. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर आधी २७.७ टक्के घट दिसली होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती पक्की ठरली नाही. पुढे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियासाठी अशा साधनांची अटींसह शिफारस केली. अनेक दशकांनी डास रोखण्याच्या साधनांत एक नवा वर्ग मान्य झाला.

तीनातला एक. मला हा आकडा लहान वाटत नाही. आजारी पडणाऱ्या तिघांतला एक वाचला तर वस्तीला ती मोठीच गोष्ट आहे. पण दुकानातल्या पाकिटावर "तेहेतीस टक्के" लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तिथे शंभराच्या खाली कुणी बोलत नाही.

आता माझी पद्धत. पाय उघडे टाकायचा उद्योग घरी करू नये, आणि आसपास डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण असतील तर मी केलं तेही करू नये. मी गुडघ्यापर्यंतचे जाड, पांढरे मोजे घालून बसायचो, एकावर एक दोन जोड. त्यातून सोंड आत पोचत नाही, पण घामाचा वास आणि ऊब जाते, त्यामुळे डास टेकतात आणि पांढऱ्यावर चटकन दिसतात. बाकी सगळं अंग झाकलेलं. तीच खुर्ची, तीच वेळ, दिवेलागणीनंतरचा तासभर. घड्याळ लावून मोज्यांवर किती टेकले ते वहीत रेघा मारून मोजायचं. आणि मधून मधून कोरी संध्याकाळ, म्हणजे काहीही न लावता. लागोपाठच्या दिवशीची कोरी संध्याकाळ खरी कोरी नसते, कारण औषध पडद्यांत आणि गादीत मुरून राहतं आणि हळूहळू परत सुटतं. म्हणून खोली दोन-तीन दिवस उघडी टाकून, पडदे धुऊनच कोरी मोजणी केली. सौ.नी पडद्यांवरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पहिला नंबर लिक्विड मशीनचा, आणि त्यावरच मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आत एक छोटी तापणारी कडी असते, तिच्यातून बाटलीची वात वर येते. वात द्रव वर ओढते, कडी तिचं टोक तापवते, औषध हवेत जातं. माझ्या बाटलीवर ट्रान्सफ्लुथ्रिन १.६ टक्के असं छापलेलं आहे, उरलेलं बहुतेक सगळं त्याला वाहून नेणारं तेलासारखं द्रावण आणि सुगंध. दारं-खिडक्या बंद, मशीन अर्धा तास आधी लावलेलं, पंखा बंद: कोऱ्या संध्याकाळी तासाला पंचवीस-तीस डास टेकायचे तिथे चार-पाच. त्यातलेही निम्मे वर सांगितलेल्या बाईसाहेबांसारखे भांबावलेले. खिडकी पूर्ण उघडली की आकडा दहा-बाराच्या घरात. मशीन लावल्या लावल्या मोजायला बसलो तर पहिल्या दहा मिनिटांत फरक जवळजवळ शून्य. लोक अंथरुणावर पडून दिवा घालवताना मशीन लावतात आणि मग "चावलेच तरी" म्हणतात. दिवेलागणीला लावा.

पंख्याची भानगड स्वतंत्र आहे. पंखा जोरात सोडून मशीन लावलं तर आकडा एकदम खाली. झालो खूश. मग नुसता पंखा लावून मशीन बंद ठेवलं, तर आकडा जवळपास तेवढाच खाली! डास कमकुवत उडणारा प्राणी, वाऱ्यात त्याचं विमान हेलकावे खातं. शिवाय पंखा आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास उधळून टाकतो, डासाला माग लागत नाही. तोच पंखा मशीनचं औषधही विरळ करतो. ज्यांच्या अंगावर रात्रभर पंखा असतो त्यांनी मशीनला किती श्रेय द्यायचं ते जपून ठरवावं. वीज गेली की अर्थात दोघेही गेले.

मला खरी मजा आली ती बाटली तोलताना. माझ्याकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आहे. रात्री लावताना आणि सकाळी काढताना बाटली तोलायची, की तासाला किती द्रव उडाला ते कळतं. नव्या बाटलीत घट ठळक होती आणि रात्रींमागून रात्री बरीच स्थिर. बाटली तळाला जायला लागली तशी घट कमी कमी होत गेली. द्रव होता, दिसत होता, पण वातीचं टोक काळं पडून कडक झालेलं. नखाने खरवडलं तर भुगा निघाला. म्हणजे शेवटचा बोटभर द्रव दिसतो म्हणून आपण निश्चिंत झोपतो, आणि मशीनचा फक्त लाल दिवा चालू असतो. खोक्यावरचा "एवढ्या रात्री चालेल" हा आकडा रोज ठराविक तास आणि सगळ्यात मंद बटण धरून काढलेला असतो, तेही बारीक अक्षरात. मी आता पातळी वातीच्या खालच्या टोकाजवळ आली की बाटली बदलतो. नव्या बाटलीबरोबर नवी वात येते, जुनी वात पुन्हा वापरायच्या फंदात पडू नये.

एक तक्रार. एका रिफिलचं टोपण उघडलं तर वातीभोवतीची रबरी कडी सैल, आडवी करताच तेल हातावर. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. समोरच्या ताईंनी अत्यंत गोड आवाजात बाटली सरळ धरून उघडायला सांगितली. मी सरळच धरली होती. बदलून मिळाली नाही. हात साबणाने धुतले तरी बोटांना संध्याकाळपर्यंत मुंग्या येत होत्या, पायरेथ्रॉइड कातडीला लागलं की असं होतं. आपोआप जातं, पण तो हात डोळ्याला लावू नये.

वासाबद्दल मुलीशी झालेला वाद इथेच मिटवतो. सुगंधी आणि बिनवासाची, दोन्ही रिफिल औषध आणि टक्केवारी सारखी असलेल्या आणल्या. मोज्यांवरचा हिशेब सारखा आला. सुगंध हा कंपनीने आपल्यासाठी घातलेला, डासासाठी नव्हे. उलट बिनवासाच्या रिफिलने सौ.ची शिंक थांबली.

कॉइल. हिचा इतिहास मात्र झकास. एइइचिरो उएयामा या जपानी गृहस्थांनी १८९० मध्ये पायरेथ्रमच्या फुलांच्या भुकटीची उदबत्ती केली. ती पाऊण तासात संपायची. गोल वेटोळं करायची कल्पना त्यांच्या पत्नीची, युकी यांची, १८९५ च्या सुमाराची, आणि १९०२ मध्ये वेटोळ्याची कॉइल बाजारात आली. लांबी जास्त, जागा इवलीशी, रात्रभर जळणारी. आज फुलांच्या जागी बहुधा कृत्रिम पायरेथ्रॉइड असतं. काम धूर करत नाही. निखाऱ्याच्या किंचित मागचा भाग तापतो आणि तिथलं औषध जळायच्या आधी उडून जातं, ते काम करतं. हे सौ.ना पटवायला मला कॉइल आणि टॉर्च घेऊन बसावं लागलं, आणि त्या "बरं" म्हणाल्या, म्हणजे पटलं नाही.

डास रोखण्यात कॉइल कमी नाही. उघड्या पडवीत वारा नसताना मशीनपेक्षा सरसच ठरली. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण सोडते. हे वाचल्यावर बंद खोलीत लेकराच्या उशाशी कॉइल लावणाऱ्यांना मी हात जोडतो. बाकी किरकोळ दोष: जोडीने गुंतलेल्या दोन कॉइल सोडवताना एक मोडतेच, पत्र्याचा स्टँड हमखास हरवतो, आणि सकाळी राख स्टँड सोडून सगळीकडे असते.

गॅसवरचं यंत्र मुलाने दिलं. ब्युटेनची बोटभर नळकांडी एका जाळीला तापवते, जाळीखाली निळी मॅट सरकवायची. मॅटमध्ये अ‍ॅलेथ्रिन असतं. ते संपत आलं की निळी मॅट पांढरी पडते, ही सोय मला फार आवडली, कारण बाकी कुठलंही उत्पादन "मी संपलो" असं प्रामाणिकपणे सांगत नाही. अंगणात चहाच्या टेबलावर ठेवलं, पाव तास थांबलो आणि मग मोजलं. हवा स्थिर होती तेव्हा मोज्यांवर तुरळकच डास. पानं हलायला लागली की आकडा चढायला लागला, आणि वारा एका बाजूने असेल तर यंत्राच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसलेल्या माणसाला काहीच लाभ नाही. यंत्र नेहमी वारा येतो त्या अंगाला ठेवावं, म्हणजे औषध आपल्यावरून जातं. हे माहितीपत्रकात आतल्या पानावर आहे, खोक्यावर नाही. चालू यंत्र बंद खोलीत आणू नये, जाळी तापलेली असते आणि गॅस जळत असतो.

जाळीची पट्टी ही माझी आवडती, जरी तिला पहिला नंबर देता येत नाही. वहीच्या पानाएवढी जाळी, तिच्यात ट्रान्सफ्लुथ्रिन मुरवलेलं, टांगायची आणि विसरायची. वायर, निखारा, आवाज काही नाही. पेरू आणि केनियात वापरल्या त्या याच जातकुळीच्या. माझ्या छोट्या अभ्यासिकेत उकाड्याच्या दिवसांत मोज्यांवरचा आकडा निम्म्यावर आला. हवा गार झाली तेव्हा पट्टी आहे की नाही ते कळेना. उष्णता नाही तर औषध उडत नाही. मोठ्या दिवाणखान्यात एकच पट्टी म्हणजे समुद्रात मीठ. घेणाऱ्याने खोलीचा आकार आणि किती पट्ट्या लागतील हे वाचूनच घ्यावं, आणि टांगलेली तारीख तिच्यावरच लिहावी. संपलेली पट्टी आणि नवी पट्टी दिसायला अगदी सारखी असते, मॅटचं निळं-पांढरं इथेही कुणी करायला हवं होतं.

या पट्टीमागची कल्पना किती साधी आहे ते पाहायचं तर टांझानियातल्या इफाकारा आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचं काम बघा. त्यांनी गोणपाटाच्या पट्ट्या ट्रान्सफ्लुथ्रिनमध्ये भिजवून जाळीच्या आवारात माणसांभोवती लावल्या आणि अर्धं वर्ष ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळालं. पुढे तर औषध लावलेल्या चपलाही करून पाहिल्या, कारण बरेच डास पायाशीच घोटाळतात. माझ्या मोज्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं. पण वर म्हटलं तेच इथेही, जाळीच्या आवारातले ९० टक्के वस्तीत उतरताना किती राहतात हे वस्तीतच मोजावं लागतं. आणि हे घरी करू नका, शुद्ध औषध हाताळायला त्यांच्याकडे हातमोजे आणि तराजू असतात.

सिट्रोनेलाची मेणबत्ती आणि मनगटातले सुगंधी पट्टे यांचं थोडक्यात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात बाजारातली अकरा उत्पादनं वाऱ्याच्या बोगद्यात एडिस डासांवर तपासली. मेणबत्तीचा परिणाम दिसला नाही, मनगटपट्ट्यांचाही नाही. अंगावर अडकवायच्या साधनांत फक्त छोट्या पंख्याने मेटोफ्लुथ्रिन फेकणारं एक टिकलं. माझ्या खुर्चीचाही निकाल तोच. मेणबत्तीच्या उजेडात डास मोजायला मात्र सोयीचं गेलं.

आवाजाच्या डब्यावर कागद खर्च करायला जिवावर येतं. कॉक्रेन ही झालेल्या चाचण्या एकत्र करून पडताळणारी संस्था, तिच्या २००७ च्या आढाव्यात दहा क्षेत्रीय चाचण्या तपासल्या आणि एकाही चाचणीत आवाजाने चावे कमी झालेले आढळले नाहीत. माझ्याकडे डबा चालू असताना एक मादी त्या डब्यावरच बसून पाय चोळत होती. मी मेहुण्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊजी, ती बहिरी असेल."

विकत घेताना खोक्याची पुढची बाजू बघू नका, मागची बघा. औषधाचं नाव आणि टक्केवारी नसेल, नुसतं "हर्बल" आणि पानांचं चित्र असेल, तर ठेवून द्या. घरात फिशटँक असेल तर पायरेथ्रॉइड माशांना अतिशय विषारी आहे. त्या खोलीत काहीच लावू नका, लावायचंच झालं तर टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. मांजराचं यकृत या कुळातली औषधं नीट पचवू शकत नाही, तिची बसायची जागा मशीनजवळ नको आणि बाटली तिच्या पंजाला लागेल अशी नको. दमा असणाऱ्यांच्या खोलीत झोपायच्या आधी मशीन चालवून, झोपताना बंद करून, दाणी लावणं बरं. आणि एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी त्याचा जोर जास्त. रात्री मशीन लावून डेंग्यू टळेल या भ्रमात कुणी असेल तर त्याने दुपारच्या झोपेचाही विचार करावा.

सध्या आमच्याकडची व्यवस्था अशी. झोपायच्या खोलीत बिनवासाचं मशीन, पलंगाच्या पायथ्याकडच्या खालच्या सॉकेटला, पडद्यापासून दूर. अभ्यासिकेत पट्टी, उन्हाळ्यापुरती. गॅसचं यंत्र पाहुणे आले की अंगणात. पलंगावर दाणी आहेच, ती मशीन लावलं म्हणून काढलेली नाही. सौ.नी कॉइलचा एक पुडा मागच्या पडवीत लपवून ठेवला आहे, मला माहीत आहे. आवाजाचा डबा मेहुणे परत घेऊन गेले, त्यांच्याकडे म्हणे उत्तम चालतो.